अमेरिकेतला डॉक्टर एकदा बोर्ड सर्टिफाइड झाला की आयुष्यभरासाठी झाला का?

तुमच्या आईला तिकडे स्पेशालिस्टला दाखवायचंय आणि तो बोर्ड सर्टिफाइड आहे म्हणजे नेमकं काय, हे एकदाच मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, एकदाच नाही. मी इथे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनमध्ये (मोठ्या माणसांचे आजार औषधांनी बरे करणारी शाखा) आहे, एमडी महाराष्ट्रात केलं आणि मग इथे येऊन परत रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण), त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय.

लायसन्स वेगळं आणि बोर्ड वेगळं हे आधी लक्षात घ्या. लायसन्स राज्य देतं, त्याशिवाय प्रॅक्टिसच करता येत नाही. बोर्ड म्हणजे त्या त्या विषयात डॉक्टरांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी संस्था, ते सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही, पण बरीच हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले मागतातच.

आमचं बोर्ड एबीआयएम, म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन. 1990 च्या आधी त्यांनी दिलेली सर्टिफिकेटं कायमची होती, नंतर ती 10 वर्षांची झाली, म्हणजे दर 10 वर्षांनी दिवसभराची परीक्षा. ती मी दिलीये, पेशंट बघून घरी आल्यावर रात्री वाचायचं, जे आजार कधी समोर येत नाहीत ते पाठ करायचे आणि दोन महिन्यांत निम्मं विसरलेलं असतं.

2022 पासून त्या मोठ्या परीक्षेऐवजी एलकेए (लॉन्गिट्युडिनल नॉलेज असेसमेंट) नावाचा दुसरा पर्याय आलाय, मी तोच घेतलाय. दर तिमाहीला 30 प्रश्न, प्रत्येकाला 4 मिनिटं, पुस्तक बघा नेट बघा चालतं, फक्त कुणाला विचारायचं नाही. असं 5 वर्षं, म्हणजे 600 प्रश्न, आणि शेवटी पास की नापास ते ठरतं. शिवाय नवीन शिकत राहिल्याचे दर 5 वर्षांत 100 पॉइंट लागतात ते वेगळेच. याची फी, वेळ यावरून डॉक्टर लोक खूप चिडलेले आहेत, 2015 मध्ये तर बोर्डाने जाहीर माफी मागून काही अटी थांबवल्या होत्या, आणि तो राग मला पटतो.

पण हे प्रश्न मला सोडवायचे नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही, कारण उत्तर चुकलं की का चुकलं ते तिथल्या तिथे वाचायला मिळतं. एकदा किडनी कमजोर असलेल्यांच्या एका औषधाच्या डोसवर चुकलो (प्रश्न नेमका सांगायला मनाई आहे), दुसऱ्या दिवशी ते औषध चालू असलेल्या माझ्या पेशंटच्या फाइली काढून बसलो आणि एका आजींचा डोस खरंच कमी करावा लागला.

आपल्याकडे एमडी एकदा झालं की झालं, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलला 5 वर्षांत नवीन शिकत राहिल्याचे 30 क्रेडिट दाखवायचे असतात, परीक्षा नाही.

आईच्या डॉक्टरचं नाव सर्टिफिकेशन मॅटर्स या साइटवर टाका, फुकट आहे, कुठल्या विषयात सर्टिफाइड आहेत ते दिसेल.