हॉस्पिटलातल्या स्टाफने ओळखीच्या पेशंटच्या फायली विनाकारण उघडू नयेत यासाठी काय करावं?

नोंदी कॉम्प्युटरवर आल्यापासून स्टाफ ओळखीच्यांचे रिपोर्ट उघडून बघतो, असं तुम्ही लिहिलंय. मी रेकॉर्ड विभागात काम करते. माझं ठाम मत आहे की आधी वॉर्डातलं सामाईक लॉगिन बंद करा.

नर्सिंग काउंटरवर सकाळी एक सिस्टर लॉगिन करते आणि रात्रपाळीसुद्धा तिच्याच नावावर चालते. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. उद्या कुणाचा एचआयव्ही रिपोर्ट कॅन्टीनपर्यंत पोचला, तर तो कुणी उघडला हे शोधणार कसं? वर ती सिस्टर नाहक अडकते.

फिनलंडमध्ये एका सरकारी हॉस्पिटलच्या नेत्रविभागातली नर्स तिथेच एचआयव्हीचे उपचार घेत होती. १९९२ मध्ये तिला शंका आली की सहकाऱ्यांना कळलंय. पण तिथे फाइल शेवटची पाच वेळा कुठल्या विभागाने पाहिली एवढीच नोंद राहायची, माणसाचं नाव नाही. पुराव्याअभावी ती देशातल्या कोर्टांत हरली. शेवटी २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नोंदींवर नीट नियंत्रण न ठेवणं हाच त्या हॉस्पिटलचा दोष ठरला. आपल्याकडेही २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांना ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था बंधनकारक केली आहे.

तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, स्क्रीन दोन-तीन मिनिटांत आपोआप लॉक होऊ द्या. बिलिंगवाल्यांना बिलापुरतंच दिसू दे. डॉक्टरांना मात्र कुलूप घालू नका. मध्यरात्री कॅज्युअल्टीत बेशुद्ध पेशंट आला तर फाइल लगेच उघडायलाच हवी. तिथे कारण लिहायला लावा आणि दुसऱ्या दिवशी ते कारण कुणीतरी वाचा.

हे वाचणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं. लॉग, म्हणजे कुणी कुठली फाइल कधी उघडली याची नोंद, साठत जातो, उघडून कुणी बघत नाही. दर आठवड्याला मेट्रन आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटनी एकत्र बसून तो बघावा. त्यात अशा फायली कुणी उघडल्या ते शोधावं: ड्यूटी नसलेल्या वॉर्डातली फाइल, डिस्चार्ज होऊन महिने झालेला पेशंट, आणि सगळ्यात आधी स्वतःच्याच हॉस्पिटलात दाखल झालेला कर्मचारी. गर्भपात असो की मानसोपचार, सहकाऱ्याची फाइल चाळण्याचा मोह फार असतो आणि त्या बाईला पुन्हा त्याच लोकांत ड्यूटी करायची असते.

ट्रस्टींनी फोन करून कुणाचा रिपोर्ट विचारला तर 'सांगता येणार नाही' म्हणायची मुभा स्टाफला लेखी द्या. अशा वेळी नकार देणाऱ्या क्लार्कच्या पाठीशी तुम्ही स्वतः उभे राहायला हवं.