शंभर अंक पाठ, पुढे काय?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शंभर अंक सहज पाठ म्हणून दाखवतो. मेमरी स्पर्धांमध्ये करिअर होईल का? तयारी घरी जमेल? – एक आई, सांगली

उत्तर : बक्षिसांवर घर चालेल अशी आशा धरू नका. अमेरिकेचा अ‍ॅलेक्स मलन 2015 आणि 2016 मध्ये सलग जगज्जेता झाला, तेव्हा तो डॉक्टरकीचा विद्यार्थी होता. 2025 ची मेमरी लीग जागतिक स्पर्धा जिंकणारा पुदुच्चेरीचा विश्वा राजकुमारही तेव्हा कॉलेजातच होता. या खेळात पैसा मिळालाच तर बहुधा शिकवण्यांतून. तेव्हा दहावी सांभाळूनच.

शंभर अंक किती वेळात, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं अडतं तिथेच. मेमरी लीगमध्ये 80 अंकांना जास्तीत जास्त एक मिनिट मिळतं. विश्वाने ते साडेतेरा सेकंदांत केले. घोकून हा वेग येत नाही.

आधी 00 ते 99 प्रत्येक जोडीला एक चित्र ठरवा. आपली जुनी कटपयादी पद्धत (प्रत्येक व्यंजनाला एक ठरलेला अंक) इथे मस्त चालते : ल म्हणजे 3, ट म्हणजे 1, म्हणून 31 ला लाट. 43 वडा, 86 हत्ती (जोडाक्षरातलं शेवटचंच व्यंजन धरायचं). जुन्या ग्रंथांत अंक उजवीकडून वाचतात, तुम्ही सरळ डावीकडून वाचा.

मग घरातल्या 20 जागा पक्क्या क्रमाने : दार, चपलांचा रॅक, फ्रिज, ओटा... एका जागी दोन चित्रं मनातल्या मनात ठेवा, म्हणजे 80 अंक बसले. पहिलं चित्र दुसऱ्याला काहीतरी करतं, हा नियम मोडू नका. रॅकवर लाटेने हत्तीला आपटलं तर 3186. हत्तीने लाट अडवली तर 8631.

गडबड होते ती बहुधा सारख्या चित्रांमुळे. 46 ला भात ठेवलात की तो वड्याशी घोळ घालणारच, दोन्ही ताटातलेच. भाताचं भूत करा, व्यंजनं तीच राहतात. दुसरं, तेच घर लगेच पुन्हा वापरलं की जुनी चित्रं मध्ये येतात. नातेवाइकांची घरं, शाळा, बसस्टँड धरून निदान पाच मार्ग तयार ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

मलनने जिंकलेली जागतिक स्पर्धा मेमरी लीगहून वेगळी. तिच्यातल्या पाच मिनिटांच्या अंक-प्रकारात 40 अंकांची ओळ असते. ओळीत एक चूक झाली तर 20 गुण, दोन झाल्या तर शून्य. म्हणून नवख्याने हावरटपणे ओळी वाढवू नयेत. चारच घ्याव्यात आणि दोनदा फिरून पाहाव्यात. ऐकून लक्षात ठेवायच्या अंकांत तर पहिल्या चुकीपाशीच मोजणी थांबते. तो प्रकार सध्या बाजूलाच ठेवा.