सीए-१२५ वाढलंय, म्हणजे कॅन्सरच का?

"मॅडम, सोयाबीनचे पैसे आले की थेट टाटाला जातो," खुर्चीत टेकायच्या आधीच नवरा म्हणाला. औसा तालुक्यातलं जोडपं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. ताई ३६ वर्षांच्या. पॅकेजमधल्या रक्ततपासणीत सीए-१२५ हा मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा घटक, आला ७८, नॉर्मलची हद्द ३५. रिपोर्टची घडी उघडून-मिटून कागद मऊ पडला होता. चार रात्री दोघांचा डोळ्याला डोळा नव्हता.

लातूरला माझ्याकडे हा प्रश्न सारखा येतो. मार्कर वाढला म्हणजे कॅन्सर झालाच का?

नाही. सीए-१२५ अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं, तसंच ते पाळीत, गरोदरपणात, पोटाच्या टीबीतही वाढतं. सीए १९-९ स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं म्हणतात, पण पित्ताच्या खड्यानं कावीळ झाली तरी चढतं. प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या कॅन्सरसाठी बघतात ते पीएसए तिथल्या साध्या सुजेनंही वाढतं, आतड्याच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीईए बिडी ओढणाऱ्यांत. निदान झालेल्या माणसाला औषध लागू पडतंय का, हे बघायला यातले बरेच मार्कर खरे कामाचे.

"रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का?" मी विचारलं. ताईंनी मान खाली घातली. दुसराच दिवस होता. पाळीत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहावं लागतं, हे त्यांनी लग्नानंतरच्या बारा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसली, म्हणजे अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं; कॅन्सर नव्हे. गोळ्या सुरू झाल्या.

मला खरी काळजी लागली ती वेगळीच. त्या पहिल्या दिवशी उठता उठता ताई सासूबाईंबद्दल म्हणाल्या, "आत्याबाईंचा पण मार्कर करावा का? पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता मधूनच डाग लागतो. उष्णता आहे म्हणतात."

मी दोघांना परत बसवलं. पाळी गेल्यावर एक डाग जरी लागला तरी तपासणी हवीच, आणि मार्कर नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचं सीए-१२५ नॉर्मल असतं.

"काढणी झाली की आणतो," नवरा म्हणाला. काढणीला थांबू नका, मी हात जोडून सांगितलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं सूनबाई सासूला घेऊन आल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेलाय. रिपोर्ट अजून यायचाय.