स्पीडपेंट वापरायचेत, तर मिनिएचर आधी धुणं-घासणं खरंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की कॉन्ट्रास्ट किंवा स्पीडपेंट, म्हणजे मिनिएचर (बोटाएवढ्या छोट्या मूर्ती) रंगवायचे हे पातळ रंग, एकाच हातात काम उरकतात, मग आधीची धुलाई आणि घासाघीस सोडून थेट प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तर चालेल का.

नाही चालणार. उलट साध्या रंगाला चालेल एक वेळ, याला नाही. साधा रंग जाड असतो, दोन हातांत बरंच काही झाकतो. हा रंग पातळ आणि पारदर्शक. तो उंचवट्यावरून ओघळून खाचेत साचतो, त्याची सगळी जादूच ती. पण खाच शिल्पकाराने कोरलीय की तुमच्या आळसाने राहिलीय, हे त्याला कळत नाही. साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली) राहिली असेल तर तिच्या कडेने काळी लाइन ओढून मोकळा होतो.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या (धातूवर पावडरचा रंग चढवायच्या) लाइनवर आहे. आमच्याकडे पार्ट बूथमध्ये येण्याआधी सेव्हन टँकमधून जातो. तेल काढा, पाणी, गंज काढा, पाणी, फॉस्फेट, पुन्हा पाणी, पॅसिव्हेशन (गंज रोखायची शेवटची प्रक्रिया). पावडर मारायला किती वेळ लागतो? काहीच नाही. पापुद्रा सुटला तर बंदुकीवाल्याला कोणी विचारत नाही, आधी टाक्या बघतात. एवढं रोज डोळ्यांसमोर असून घरी मात्र माती खाल्ली.

झालं असं. दिवाळीच्या किल्ल्यावर लेकीला बाजारातले मातीचे मावळे नको होते, म्हणून रेझिन प्रिंटरवर (द्रव प्लास्टिकच्या ३डी प्रिंटरवर) ३२ मिलिमीटरचे ४० मावळे काढले. तेव्हा ऑगस्ट होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पूर, आणि चार दिवस उन्हाचा पत्ता नाही. रेझिन कडक करायला माझ्याकडे यूव्ही दिवा नव्हता, मी गच्चीतल्या उन्हावर भागवायचो. त्यात पुण्याचा मावसभाऊ पावसामुळे आमच्याकडे अडकलेला. तो वॉरगेमवाला (छोटे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळणारा), २०१९ला कॉन्ट्रास्ट आले तेव्हापासून तेच वापरतो. मी रेझिन धुवायला अल्कोहोलचा डबा काढला तर म्हणाला, “दादा, तुझी कंपनी घरी आणू नकोस. हे रंग आळशी लोकांसाठीच बनवलेत. एकदा बुचकळ आणि मार प्रायमर.” एका हाताने चिवडा खात होता, दुसऱ्याने मावळे उचलून बघत होता.

मी ऐकलं. गॅलरीत उभा राहून काळा स्प्रे मारला. हवा इतकी दमट की प्रायमर अंगावर रव्यासारखा बसला. त्यावर राखाडी, मग पांढरा ड्रायब्रश केला (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला), तर पांढरं उंचवट्यावर बसायच्या ऐवजी त्या रव्यावर बसलं. सगळे मावळे पीठ सांडल्यासारखे दिसायला लागले. भगवा स्पीडपेंट लावला तर पाठीवर थेंब-थेंब होऊन सरकला. सकाळी हात लावला तर अंग अजून चिकट. रेझिन नीट धुतलंच नव्हतं आणि पुरतं कडकही झालं नव्हतं. सपोर्ट, म्हणजे छापताना लागणारे टेकू, तोडलेल्या जागी प्रत्येकाच्या मांडीवर देवी आल्यासारखे ठिपके, ते वेगळंच.

मग जुन्या टूथब्रशने ३९ मावळे अल्कोहोलमध्ये खरवडले. ११ जणांचे भाले गेले. दसऱ्यानंतर ऊन पडलं तेव्हा सगळं पहिल्यापासून केलं: दोन डब्यांत धुणं, पहिला मळका, दुसरा स्वच्छ. पूर्ण वाळू दिले, मग ऊन दाखवलं. सपोर्टचे ठिपके ओल्या पॉलिश पेपरने घासले आणि प्रत्येकाला बाटलीच्या झाकणावर चिकटवलं, म्हणजे परत बोट लागायला नको. प्रायमर दुपारी बारा-एकला, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हलके फवारे. रंगवायला मात्र खरंच दोनच संध्याकाळी लागल्या.

दिवाळीत भाऊ आला, किल्ला बघितला आणि म्हणतो, “बघ, झाले ना स्पीडपेंटनेच?”

आता हे तुमच्या मावळ्यांना, म्हणजे मिनिएचरना, जसंच्या तसं लागू होईल असं नाही. फ्रेममधून तोडायचे कडक प्लास्टिकचे असतील तर अल्कोहोलची भानगड नाही, भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुतले की पुरे. पण साच्याची रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडाच. ओतीव रेझिनवर साच्याचं तेल असतं, तिथे साबण टाळू नका. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा प्रायमर आधी फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा, काही प्लास्टिक त्याने विरघळतं. कच्च्या रेझिनला हातमोजे घाला, कोरडं घासणार असाल तर मास्क. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

चाळिसावा मावळा मी खरवडला नाही, टीव्हीच्या शेजारी ठेवलाय. त्याच्या पाठीवर, भगव्याच्या खाली, भावाच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. रेषा मोजता येतात.