कंबर दुखते म्हणून गोव्याला जायचंच नाही का?

“मी येत नाही, तुम्ही सगळी जाऊन या. मी आलो की वाटेत चारदा गाडी थांबवायची, मग सगळ्यांचाच विरस की!”

बेळगावजवळच्या वडगावातल्या एक बाई घरच्यांना असं सांगून मगच समुपदेशनाला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 49, घरी पॉवरलूम, कंबरदुखी सहा वर्षांची. तपासण्या झालेल्या; ऑपरेशनची गरज नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवाळीत दीर-जाऊ आणि मुलं तीन दिवस गोव्याला निघाली होती.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात सुट्टीची ही धास्ती अनेकांना असते. मग कोणी जातच नाही. कोणी जातं आणि ‘आज बरं वाटतंय’ म्हणून पहिल्याच दिवशी सगळं उरकतं. बाईंचं मागच्या सहलीत तेच झालं. गोकाकचा धबधबा पाहिला, त्याच उत्साहात गोडचिनमलकीचा धबधबाही केला, आणि घरी येऊन चार दिवस अंथरूण धरलं. जाणं चुकलं नव्हतं. कधी थांबायचं, हे त्यांनी दुखण्यावर सोडलं होतं. दुखू लागल्यावर थांबलं की उशीर झालेला असतो, शिवाय ‘फिरलं की दुखतं’ ही भीती मनात आणखी पक्की होते. म्हणून थांबायचं ते घड्याळ बघून, आणि दुखत नसतानाही.

त्यासाठी आधी घरीच पाच दिवस नोंद ठेवली: बसल्यावर, उभं राहिल्यावर, चालल्यावर किती मिनिटांनी दुखणं वाढू लागतं? बसण्याची सरासरी 50 मिनिटं निघाली, चालण्याची 25. त्यातला पाचवा भाग वजा केला. म्हणजे बसणं 40, चालणं 20. या आकड्यांवर सहल बेतली.

घरच्यांनी चोरला घाटातून जायला गाडी ठरवली होती. वळणं, धक्के, आणि हवं तिथं थांबायची सोय नाही. त्याऐवजी बाई आणि त्यांचे यजमान लोंढा, कॅसलरॉक, दूधसागरमार्गे रेल्वेने मडगावला गेले. वेळ जास्त लागतो, पण लोअर बर्थवर पाठ टेकता येते, दर 40 मिनिटांनी उठून डब्यात चार पावलं टाकता येतात. बसताना कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी. जड बॅगा मात्र गाडीतून गेल्या.

गोळ्या त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवल्या, मूळ पाकिटांसह, दोन दिवसांच्या जादा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इथं एक चूक फार होते: प्रवासात दुखलं की मेडिकलमधून वेगळ्या नावाची गोळी घेतात. तिच्यात तेच औषध असू शकतं, आणि दोन वेदनाशामकं एकावर एक पडली की पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना धोका. प्रीगॅबॅलिनसारखं (नसांच्या दुखण्यावरचं) औषध चालू असेल तर ते सुट्टीपुरतं मनाने बंद करू नये, आणि त्यावर दारूही घेऊ नये.

खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली मागितली. दिवसाला मोठं काम एकच. दुपारी अर्धा तास आडवं पडायचं, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. बाईंना सगळ्यात जड गेलं ते हेच. बरं वाटत असताना पडून राहायचं म्हणजे अपराध्यासारखं वाटायचं. म्हणून ‘माझ्यामुळे तुमचं…’ हे वाक्यच बंद केलं. त्याजागी, “मी पडतो अर्धा तास. तुम्ही जाऊन या, पाचला किनाऱ्यावर भेटू.” जाऊबाईंना हे निघण्याआधीच सांगितलं होतं, त्यामुळे तिथं आग्रह झाला नाही. किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय रुततो, कंबरेवर ताण येतो. पाण्याजवळच्या घट्ट, सपाट वाळूवर चालणं सोपं.

दुसऱ्या संध्याकाळी दुखणं वाढलंच. मासळी बाजारात उभं राहणं लांबलं. पण त्या वेळी काय करायचं हे कागदावर तयार होतं: पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठीवर पडणं, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 15 मिनिटं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलीच गोळी, आणि दुसऱ्या दिवशीचं फिरणं निम्मं. निम्मं म्हणजे निम्मंच. पूर्ण बंद केलं की अंग आखडतं. त्याच कागदावर तळाशी ठळक अक्षरांत होतं: लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा पाठदुखीसोबत ताप आला, तर थेट दवाखाना.

परतल्यावरचा एक दिवस मोकळाच ठेवला होता, मागाजवळ बसायचं नाही. दुखणं गेलेलं नाही. मे महिन्यात सगळ्यांनी आंबोलीला जायचं ठरलंय, आणि त्यासाठी बसण्याची 40 मिनिटं आता 45 करून बघणं चालू आहे. एकदम तासाभरावर उडी मारायची नाही, हे यजमानांनाही नीट समजावलंय.