ती पहिली अंगठी आत्ता विकू नकोस

तुझा मेल आणि तू घरी केलेल्या पहिल्या चांदीच्या अंगठीचे फोटो दोन्ही बघितले, मोठे करून करून बघितले. छान झालीये, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पट्टीचा गोलावा चांगला आलाय, कडा गुळगुळीत आहेत. पण तू विचारलंस की हिची किंमत किती लावू, तर माझं उत्तर असं की ही विकूच नकोस. बोटात घाल आणि महिनाभर काढू नकोस. हात धुताना, केस विंचरताना, झोपताना, सगळीकडे राहू दे. मग मला परत लिही, किमतीचं तेव्हा बोलू असं म्हणणार होते, पण तू वाट बघणार नाहीस हे माहितीये, म्हणून खाली तेही सांगतेच.

आधी सांधा. फोटोत आतल्या बाजूला डागाचा, म्हणजे सांधा जोडायला वितळवतो त्या धातूचा, गोळा दिसतोय आणि बाहेर एक बारीक रेघ. याचा अर्थ पट्टीची दोन टोकं एकमेकांना पूर्ण टेकली नव्हती आणि तू ती फट डागाने भरायला बघितलीस. डाग फट भरत नाही गं, तो फक्त टेकलेल्या दोन कडांच्या मधे शिरतो. टोकं कानशीने सपाट कर, जुळव आणि उजेडासमोर धरून बघ, मधून उजेड आला तर अजून डाग द्यायची वेळ आलेली नाही. माझा यात डाग देण्यापेक्षा चौपट वेळ जातो, अजूनही. आणि पट्टीची लांबी अंदाजाने कापू नकोस, आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, त्याला ३.१४ ने गुण. म्हणजे आतून १७ मिमी हवी आणि पत्रा १.५ मिमीचा, तर १८.५ गुणिले ३.१४, साधारण ५८ मिमी. जाडी धरायला विसरलीस की अंगठी दर वेळी घट्ट होणार.

ज्वाला डागावर धरू नकोस. डाग उष्णतेकडे पळतो, जिथे धातू जास्त तापलाय तिकडे, त्यामुळे सगळी अंगठी फिरवून फिरवून तापव आणि शेवटी सांध्यावर ये. डाग नीट वाहावा म्हणून लावलेला टाकणखार आधी पांढरा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा होतो, त्यानंतर थोड्याच वेळात सांध्यावरून एक चकचकीत रेघ सर्रकन धावते. ती दिसली की ज्वाला काढ, त्याच क्षणी. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या जवळ वितळते पण स्टर्लिंगमधे, म्हणजे आपण वापरतो त्या दागिन्यांच्या चांदीत, ७.५ टक्के दुसरा धातू असतो, बहुतेक तांबं, आणि म्हणून स्टर्लिंग ८०० च्या आसपासच वितळायला लागतं. हार्ड डाग, म्हणजे सगळ्यात जास्त तापमानाला वितळणारा, त्याच्या थोडाच आधी वाहतो, म्हणजे मधली जागा फार कमी आहे. खोलीत अंधुक उजेड ठेव, लख्ख उन्हात धातूचा लाल रंग दिसतच नाही आणि मग हातातली वस्तू डोळ्यांदेखत गोळा होते, माझ्या अशा तीन गेल्यात. एकाच वस्तूत बरेच सांधे असतील तर आधी हार्ड, मग मीडियम, शेवटी इझी, नाहीतर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो.

घरात काम करतेस म्हणून हे जरा दटावून सांगते. डाग कॅडमियमविरहित आहे का हे विकणाऱ्याला विचारूनच घे, कॅडमियमचा धूर फुप्फुसाची वाट लावतो आणि तो त्या क्षणी जाणवतही नाही. खिडकी उघडी, केस बांधलेले, अंगात सुती कपडे, खाली विटा. डागानंतरचं काळं काढायला कोमट पाण्यातलं सायट्रिक ॲसिड पुरतं, त्याहून कडक काही घरात आणू नकोस. त्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही, नाहीतर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर बसतो, तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा वापर. आणि कानशीचा भुगा फुंकून उडवू नकोस, मांडीवर फडकं पसर आणि बरणीत साठव, डागाचे तुकडे त्यात मिसळू नकोस.

आता महिनाभर घाल असं का म्हटलं ते. डाग देताना तापलेली चांदी नरम पडते. तुझी अंगठी आत्ता गोल आहे, पण एखादी जड पिशवी उचललीस की अंडाकृती होईल, आणि मग तुला कळेल की डाग झाल्यावर मँड्रेलवर, म्हणजे अंगठी घडवायच्या निमुळत्या दांड्यावर, चढवून लाकडी हातोडीने ठोकून तिला परत कडक का करायचं असतं. हे वाचून डोक्यात राहत नाही, बोटाला कळलं की राहतं. कानातल्यांचंही तेच, माझे पहिले डूल टेबलावर फार सुंदर दिसायचे आणि कानात घातले की दर वेळी ओढणीत अडकायचे. तार ०.८ मिमीची होती, ते बरोबरच होतं, पण टोक मी कापून तसंच सोडलं होतं. तेव्हापासून प्रत्येक टोक कानशीने गोल करून मग ओठांवरून फिरवून बघते, बोटाला न जाणवणारी धार ओठाला जाणवते. नवीन डिझाइनचा पहिला नग आजही मी स्वतः वापरते, आठवडाभर तरी, आणि काय अडकलं, काय वाकलं, कुठे काळं पडलं ते वहीत लिहिते.

त्याच वहीत वजन आणि वेळ पण लिही, कारण किंमत तिथूनच निघते. सुरुवातीला वजन, संपल्यावर वजन, मधली ती तूट. चांदीचा भाव शुद्ध चांदीचा असतो, तुझ्या स्टर्लिंगमधे ९२.५ टक्केच चांदी आहे हे धरून हिशोब कर, परदेशातले भाव बघत असशील तर ते ट्रॉय औंसात असतात, एक म्हणजे ३१.१ ग्रॅम. मग तूट, गॅस, पॉलिश पेपर, डबी, विक्रीचं कमिशन, आणि मग घडणावळ. तू मेलमधे जो हिशोब लिहिलायस त्यात घडणावळच नाहीये! चार तास बसलीस ना? त्या वेळेचे पैसे लाव. फक्त पहिल्या नगाचा वेळ शिकण्यात जातो म्हणून तो पूर्ण लावू नको, तोच नग तीनदा कर आणि तिसऱ्याचा वेळ धर. मी दोन वर्षं घडणावळ न लावता विकत होते, लोक खूश होते, ऑर्डरी वाढत होत्या आणि माझ्याकडे नवीन पत्रा घ्यायला पैसे नसायचे, आणि नंतर किंमत वाढवली तेव्हा तेच लोक दुखावले. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून खरी किंमत सांगितलेली बरी.

खड्याचं वजन चांदीच्या वजनात मिसळू नकोस, वेगळं सांग. शुद्धतेचा ९२५ चा शिक्का मारण्याआधी तुझ्याकडचा नियम वाच, प्रत्येक देशात तो वेगळा आहे.

फोटो खिडकीच्या उजेडात, आजूबाजूला पांढरे कागद उभे करून, नाहीतर चांदीत तुझाच टीशर्ट दिसतो. एक फोटो बोटात किंवा कानात घातलेला हवाच, आकार कळतो.

आणि वस्तूबरोबर एक चिठ्ठी दे. हे मी फार उशिरा शिकले. एका बाईंनी माझ्याकडून मोत्याचं पेंडंट घेतलं होतं, काळं पडलं म्हणून त्यांनी ते चांदी साफ करायच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि मोत्याची झळाळी कायमची गेली. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांना सांगायचं काम माझं होतं. चिठ्ठीत लिही की काळं पडणं म्हणजे चांदी खोटी नाही, हवेतल्या, घामातल्या गंधकाने वर सल्फाइडचा थर येतो. रोज वापरली तर घासून घासून उजळ राहते, ठेवायची असेल तर हवा काढलेल्या झिप पिशवीत, रबर आणि लोकरीपासून लांब. परफ्यूम आधी, दागिना नंतर. पोहण्याच्या तलावात आणि ब्लीचमधे नको. साफ करायला सौम्य साबण, मऊ ब्रश, टूथपेस्ट नको कारण तिने ओरखडे येतात. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याची युक्ती खरंच चालते, गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, पण मोती, फिरोजा असलेल्या वस्तूला ती कधीच नाही, आणि मुद्दाम काळं केलेल्या नक्षीलाही नाही, तुझी सगळी मेहनत त्यात धुऊन निघेल.

सांधा परत करायचा असेल तर अंगठी रेघेवरच काप, जुना डाग कानशीने पूर्ण काढ, जराशी लहान होईल, मग करंगळीत घाल. महिन्याने आतल्या बाजूचा फोटो पाठव, बाहेरचा नको.

— ताई