'बधिरीकरण', 'भूल' आणि संमतीपत्रावरचा 'अंध'

वरुड तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या आत्याबाईंच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेआधी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जे माहितीपत्रक हाती आले, त्यात 'मेरुरज्जू बधिरीकरणाच्या दोन औषधांचा दुहेरी-अंध तुलनात्मक अभ्यास' असे शब्द होते. ते ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "मले भैरी अन् आंधयी कराचं हाय का?" आणि त्यांनी अंगठा देण्यास नकार दिला. 'बधिरीकरण' हा शब्द चूक आहे का, आणि त्याऐवजी 'भूल' लिहिले असते तर चालले असते का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आत्याबाईंनी लावलेला अर्थ व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. संस्कृतात 'बधिर' म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो; त्याच शब्दापासून प्राकृतातून आपला 'बहिरा' आला आणि वऱ्हाडीत त्याचा 'भैरा' झाला. 'हात बधिर झाला' असा स्पर्शाविषयीचा वापर मराठीत रूढ आहे, पण तो मुख्यतः लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा. खेड्यात 'बधिर' हा शब्द भेटतो तो मूकबधिर विद्यालयाच्या पाटीवर. शिवाय 'मेरुरज्जू बधिरीकरणा'त, म्हणजे कमरेतून इंजेक्शन दिल्यावर, रुग्ण जागा असतो आणि त्याचे कान शाबूत असतात. हत्यारांचा खणखणाट आणि डॉक्टरांचे बोलणे त्याला ऐकू येते. जी एक जाणीव हमखास टिकून राहते, नेमकी तीच गेल्याचे हा शब्द सुचवतो.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते याचा जाहीर प्रयोग करून दाखवल्यानंतर, त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने त्या अवस्थेसाठी 'ॲनेस्थेशिया' हे नाव सुचवले; 'बधिरीकरण' हा त्याचाच प्रतिशब्द. त्यातील ग्रीक 'अन्' हा आपल्या 'अनादर', 'अनिच्छा' यांतील 'अन्' चाच सगोत्र आहे आणि पुढचा भाग संवेदनेचा वाचक आहे. म्हणजे 'संवेदनाहरण' हा प्रतिशब्द सर्वांत जवळचा ठरला असता. 'संज्ञाहरण' आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील पाट्यांवर दिसणारा हिंदी 'निश्चेतना' या दोन्ही शब्दांचा झोक शुद्ध हरपण्याकडे आहे, आणि १८९८ साली ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातून औषध देण्याची पद्धत वापरात आणल्यापासून शुद्ध न हरपताही शस्त्रक्रिया होऊ लागली, हे त्यांत मावत नाही.

'भूल' या शब्दावर आक्षेप घेतला जातो तो असा की, त्याचा अर्थ चूक असाही होतो आणि मोह असाही होतो. मला हा आक्षेप टिकणारा वाटत नाही, कारण मराठीत येथे अर्थ क्रियापद ठरवते. भूल होते ती चूक, भूल पडते तो मोह किंवा चकवा, आणि भूल दिली जाते ती शस्त्रक्रियेसाठीच. 'भूल देल्ली' म्हटल्यावर वऱ्हाडात कोणीही गोंधळत नाही. (आपल्याकडे 'भुललो' म्हणजे 'विसरलो' असेही होते, आणि मिडाझोलामसारख्या गुंगीच्या औषधाने त्यानंतरच्या काही वेळाची आठवण राहत नाही, तेव्हा हा अर्थही तिथे शोभतो.) मुख्य म्हणजे 'पूर्ण भूल', 'पाठीतली भूल', 'जागेपुरती भूल' असे भेद लोक सहज करतात, रुळलेला शब्द असा वाकतो, घडवलेला शब्द वाकत नाही. म्हणून विभागाच्या पाटीवर 'बधिरीकरणशास्त्र' राहू द्यावे, पण रुग्णाच्या हाती द्यायच्या कागदावर 'भूल'च लिहावी.

संशोधनाच्या कागदावर मात्र तेवढ्याने भागत नाही. पाठीतून देण्याच्या 'हेवी' (जड) ब्युपिव्हकेन या भुलीच्या औषधात डेक्स्ट्रोज ही साखर मिसळलेली असते. त्यामुळे ते मेरुद्रवापेक्षा, म्हणजे कण्यातल्या द्रवापेक्षा, जड होते आणि रुग्णाला जसे बसवावे किंवा निजवावे त्याप्रमाणे खाली उतरते. अशा औषधांची तुलना करताना स्पर्श, गारवा आणि टोचणी कुठपर्यंत कळत नाही ते एकीकडे पाहतात, आणि पाय किती हलवता येतात ते वेगळे मोजतात. पहिल्यासाठी 'सुन्न' आणि दुसऱ्यासाठी 'लुळे' हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. 'बधिर' या एका शब्दाखाली दोन्ही लपतात, आणि पाय काही तास हलणार नाहीत हे आधी न कळलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर फार घाबरतो.

'दुहेरी-अंध' हा शब्द मला 'बधिरीकरणा'पेक्षाही अधिक सदोष वाटतो, कारण तो शब्दशः उचललेला आहे आणि त्यातला 'अंध' कोण, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. अर्थ एवढाच आहे की, दोनांपैकी कोणते औषध कोणाला मिळाले हे रुग्णापासून आणि परिणाम नोंदवणाऱ्या डॉक्टरांपासून झाकून ठेवतात, म्हणजे कोणाच्या अपेक्षेचा रंग नोंदीला लागत नाही. रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर ते झाकण तत्काळ काढता येते. त्याला एका शब्दात बसवण्याचा अट्टहास माहितीपत्रकात तरी नको. सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्यावी, असे भारतातील २०१९ चे औषधचाचणी नियम सांगतात, आणि आत्याबाईंना समजणारी भाषा वऱ्हाडी आहे. त्यांना वाचून दाखवताना मी असे म्हणेन: "कमरीच्या खालचं आंग सुन्न कराची भूल देतेत. कान-डोये जसेच्या तसे रायतेत, पाय थोडा वेळ हलत नाहीत, मंग हलतेत. दोनातलं कोन्तं औषध देल्लं, हे तुमालेबी मालूम रायत नाही अन् तपासनाऱ्या डॉक्टरलेबी. नाही म्हनसान, तरी ऑपरेशन होतेच."